खोक्यातली भांडणं

जगात फुकट बोलणारे उदंड आहेत. पैसे घेऊन बोलणारेही काही कमी नाहीत. वकील आहेत, कीर्तनकार आहेत, पुढारी आहेत, विम्याचे एजंट आहेत. पण बोलण्यासाठीच पगार घ्यायचा आणि बोलल्याबद्दलच नोकरी घालवून बसायचं, असा धंदा माझ्या पाहण्यात एकच आहे. क्रिकेटच्या समालोचकाचा! सुतार लाकूड कापतो म्हणून त्याला कुणी हाकलत नाही. न्हावी केस कापतो म्हणून त्याच्यावर कुणी रुसत नाही. (कान कापला तर गोष्ट वेगळी.) समालोचकाची सगळी पंचाईत मात्र जिभेशी. ती हलली नाही तर पगार नाही, आणि जास्त हलली तर नोकरी नाही.

टीव्हीवर ही मंडळी दिसतात काय छान! कडक इस्त्रीचे कोट, चकचकीत बूट. सामना सुरू होण्यापूर्वी खेळपट्टीवर उकिडवे बसतात आणि मोटारीची किल्ली जमिनीत अशी खुपसून बघतात, की गादीवाल्याने कापूस किती घातलाय ते गिऱ्हाईक बघतंय असं वाटावं. मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसतात. आपल्याला वाटतं, काय हा जिव्हाळा! पण लग्नाच्या ग्रुप फोटोतही दोन्हीकडची मंडळी अशीच हसत असतात. आदल्या रात्री मानपानावरून काय झालं ते फोटोत येत नाही. ते मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन उभं राहिलं की कळतं.

‘तुम्हाला हो काय अधिकार या विषयावर बोलायचा?’ असं कुणी विचारील. खरं आहे. मी कसोटी सोडाच, सोसायटीच्या आवारातही पाच षटकांच्या वर टिकलेलो नाही. पण मी पळस्प्याला राहतो. एवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

पळस्पे हे गाव बहुतेकांनी पाहिलेलं असतं, पण मुद्दाम पाहायला म्हणून कुणी आलेलं नसतं. पनवेल मागे पडलं की हा फाटा लागतो. इथून एक रस्ता खोपोलीवरून पुण्याला जातो आणि दुसरा पेणवरून गोव्याकडे. बायकोला पुण्याला माहेरी जायचं असतं, नवऱ्याला गोव्याला. त्यांचा मुंबईपासून चाललेला वाद इथवर निकालात निघावा लागतो, कारण पुढे रस्ताच वाद घालू देत नाही. गणपतीच्या आधीचे दोन दिवस तर फाट्यावर गाड्यांची अशी रांग लागते, की चाकरमानी गाडीतून उतरून चहा पिऊन, मागच्या गाडीत ओळख काढून, दुसरा चहा पिऊन परत येतो तरी गाडी तिथेच. पळस्पे ते इंदापूर हा रस्ता रुंद करायचं काम २०११ साली सुरू झालं. कसोटी सामन्यालासुद्धा पाच दिवसांची मर्यादा असते. हे काम तप उलटून गेलं तरी नाबाद होतं.

या अशा गर्दीवर फाट्यावरच्या चहाच्या टपरीत चार माणसं बसून समालोचन करीत असतात. ‘बघ, बघ, तो आता मधे घुसवणार... घुसवली! म्हटलं नव्हतं? पुण्याचा पासिंग हाय तो!’ कुठला मंत्री चुकला, कुठला ठेकेदार चुकला, कुठला ड्रायव्हर चुकला, सगळं बिनदिक्कत. टपरीतला टीव्ही सुरू असला आणि त्यावर मॅच असली की हेच चौघे तेवढ्याच अधिकाराने कप्तान बदलतात. या चौघांना कुणी नेमलेलं नाही. म्हणून त्यांना कुणी काढूही शकत नाही. टीव्हीवरच्या कोटवाल्यांना हे सुख नाही, हे मला तिथे बसून बसून कळलं.

आता खोक्याकडे वळू. खोका या शब्दाला आमच्याकडे तीन अर्थ आहेत. एक, घरातला टीव्ही. दोन, मैदानावरची ती काचेची खोली, जिला कॉमेंट्री बॉक्स म्हणतात. आणि तीन, मुंबईच्या बोलीत एक कोटी रुपये. पहिल्या खोक्यात दिसण्यासाठी दुसऱ्या खोक्यात बसावं लागतं आणि दुसऱ्यात टिकून राहायचं ते तिसऱ्यासाठी, इतकं हे शास्त्र सोपं आहे.

या काचेच्या खोलीत दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे मागे बसून पाळीची वाट बघतात. साधारण अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या असतात. कुणाची पाळी कुणाबरोबर, याचा तक्ता लावलेला असतो. शेवटच्या षटकाला माईकवर कोण असणार, याला फार महत्त्व. विजयाचा षटकार ज्याच्या पाळीत बसला त्याचा आवाज पुढे वीस वर्षं वाजत राहतो. ज्याची पाळी पाच मिनिटं आधी संपली तो मागे बसून सँडविच खातो. कानाला हेडफोन असतो आणि त्यातून निर्माता सतत सांगत असतो: आता जाहिरात, आता रिप्ले, आता थांब. म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आपण पाहुण्यांशी हसून बोलत असावं आणि बायकोने कानाशी ‘अहो, ते पाकीट खिशात ठेवा’ म्हणावं, तशी गत. अशा अवस्थेत जो माणूस सरळ वाक्य बोलतो त्याचा खरं तर सत्कार करायला हवा.

पूर्वी हा त्रास नव्हता. कारण पूर्वी बॉबी तल्यारखान होते. रेडिओचा जमाना. मुंबईत चौरंगी-पंचरंगी सामने रंगत आणि तल्यारखान एकटे दिवसभर माईकवर बोलत. जोडीदार नाही, तज्ज्ञ नाही, पाळी नाही. पुढे १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा रेडिओने एकाच्या जागी तिघांना बसवायचं ठरवलं. तल्यारखानांनी माईक वाटून घ्यायला साफ नकार दिला आणि ते उठून गेले. एकत्र कुटुंबात राहायचं नाही म्हणून वेगळी चूल मांडणारे पुष्कळ असतात. हे चूलच सोडून निघाले! खोक्यातल्या भांडणांचा हा आद्य पुरुष. पण लक्षात घ्या, त्यांचं भांडण माईकपुरतं होतं. काय बोलायचं यावरून नव्हतं.

काय बोलायचं यावरून भांडणं सुरू झाली ती टीव्हीत पैसा आल्यावर. १९९३ साली हीरो कपाच्या वेळी दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात प्रक्षेपणावरून जुंपली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९५ साली निकाल लागला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आम्हाला वाटलं, चला, आता हवा आपली झाली! पुढे क्रिकेट मंडळाने प्रक्षेपणाची सूत्रं हळूहळू आपल्याच हातात घेतली आणि समालोचकही आपल्या पगारावर ठेवले. लहरी सार्वजनिक, पण लहर मंडळाची!

सुनील गावसकर आणि रवी शास्त्री, आपल्या मुंबईचे दोन वीर. एकाने हेल्मेट न घालता जगातल्या तोफखान्यांना तोंड दिलं. दुसऱ्याने रणजीत एका षटकात सहा षटकार मारले. या दोघांचे मंडळाशी समालोचनाचे करार होते आणि त्यांना वर्षाला प्रत्येकी ३.६ कोटी मिळतात, असं २०११ साली वर्तमानपत्रांत छापून आलं. साडेतीन खोक्यांच्या वर! आता मला सांगा, ज्याच्या घरी एवढं जेवायचं त्याच्या आमटीत मीठ जास्त आहे, हे पंगतीत मोठ्याने कोण म्हणेल? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तर आपल्याला शाळेत जायच्या आधी शिकवतात. इयान चॅपेल ऑस्ट्रेलियाचा. त्याला ही म्हण ठाऊक नव्हती. २०१३ मध्ये त्याला इथे समालोचनाला बोलावणं आलं. त्याबरोबर असंही कळलं, की संघनिवड, मंडळाचा कारभार आणि ती पंचांचे निर्णय तपासायची डीआरएस, या विषयांवर बोलायचं नाही. चॅपेलने ‘मग मी येत नाही’ म्हणून कळवलं. आपल्याकडे जावयालासुद्धा एवढा मान सांभाळता येत नाही.

शास्त्रींची गोष्ट अजून न्यारी. २०१४ साली ते माईक ठेवून भारतीय संघाचे संचालक झाले, २०१७ ते २०२१ प्रशिक्षक राहिले आणि मग परत माईकवर आले. म्हणजे काल ज्या पोरांना ड्रेसिंगरूममध्ये झापलं त्यांचीच आज काचेआडून तारीफ. आणि गावसकरांकडे तर २०१४ साली सुप्रीम कोर्टाने आयपीएलपुरती मंडळाची धुराच सोपवली. समालोचकाने मालक व्हायचं आणि पुन्हा समालोचक व्हायचं, हे फक्त क्रिकेटात आणि आमच्या ग्रामपंचायतीत घडतं.

आता हर्षा भोगले. हैदराबादच्या मराठी घरातला. केमिकल इंजिनिअर, वर अहमदाबादचं व्यवस्थापनशास्त्र. कसोटी क्रिकेट खेळला नाही, पण क्रिकेटवर असा बोलतो की खेळलेले गप्प बसून ऐकतात. २०१६ च्या मार्चमध्ये विश्वचषकात भारताने बांगलादेशला बंगळूरला एका धावेने हरवलं. देश नाचत होता, आणि अमिताभ बच्चनने ट्विटरवर लिहिलं, की भारतीय समालोचकाने सदानकदा दुसऱ्यांच्या खेळाडूंबद्दल न बोलता जरा आपल्यांबद्दल बोलावं. नाव कुणाचंच नाही. मांडवात यजमान ‘काही लोक’ असं म्हणतात तेव्हा सगळे ज्या एकाकडे बघतात, तसे सगळे हर्षाकडे बघायला लागले. वर महेंद्रसिंग धोनीने त्याखाली मम म्हटलं. नंतर महिनाही पुरता झाला नाही, तोच आयपीएलच्या तोंडावर हर्षाला कळलं, की आपलं नाव यादीत नाही. का? ते कुणी सांगितलं नाही. बदलीच्या हुकुमावरसुद्धा ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढं लिहायची रीत असते. इथे तेवढंही नाही. पुढच्या वर्षी तो परत आला. का, तेही कुणी सांगितलं नाही.

आणि २०१९ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला भारतातली पहिली गुलाबी चेंडूची कसोटी झाली तेव्हा या खोक्यातलं भांडण एकदाचं बाहेर ऐकू आलं. माईकवर हर्षा आणि संजय मांजरेकर. हर्षाचं म्हणणं, गुलाबी चेंडू नीट दिसतो का, ते खेळाडूंना विचारायला हवं. संजय म्हणाला, तुला विचारावं लागेल. आम्ही खेळलेलो आहोत, आम्हाला न विचारता कळतं. हर्षाने उलट ऐकवलं, की खेळलेलं असणं म्हणजे शिकण्यावर घातलेलं झाकण नव्हे. दोघेही मराठी, आणि भांडले ते इंग्रजीत, साऱ्या जगादेखत! मराठीत भांडले असते तर ‘तू शहाणा आहेस’ आणि ‘तू अतिशहाणा आहेस’ एवढ्यावर मिटलं असतं आणि दोघांनी कटिंग घेतला असता. संजयने पुढे आपली चूक झाल्याचं जाहीरपणे कबूल केलं, हे त्याच्या मोठेपणाचं.

‘तू खेळलायस का?’ हा प्रश्न मला नवा नव्हता. पळस्प्याच्या आसपास भाताची कापणी झाली की शेतं मैदानं होतात आणि हिवाळाभर टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात. रात्रीचा लख्ख उजेड, माणसाच्या उंचीचा चषक, सोफा टाकलेला मंडप आणि हल्ली यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. अशाच एका स्पर्धेत दोघे समालोचक होते. एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. तीस वर्षं गर्दीच्या गाडीत ओरडून कमावलेला आवाज. लाऊडस्पीकर बंद पडला तरी कर्नाळ्यापर्यंत ऐकू जाईल. दुसरा तालुक्यात नाव काढलेला फलंदाज, गुडघा गेल्यामुळे बसलेला. त्याला सगळे चॅम्पियन म्हणतात.

मास्तरांची भाषा अजून डेपोतच होती. फलंदाज बाद झाला की ‘यांचा स्टॉप आला!’ धावचीत झाला की ‘गाडी सुटली, पाहुणे राहिले!’ सलग तीन चेंडू वाईड गेले की ‘गोलंदाज सुट्टे पैसे शोधतायत!’ लोक हसून लोळायचे. चॅम्पियन मात्र तोंड आंबट करून बसायचा. एकदा न राहवून माईकवरच म्हणाला, ‘मास्तर, तुमी कवा बॅट धरलीव काय?’ मास्तर शांतपणे म्हणाले, ‘नाय बाबा. पन तीस वर्सं पोरांना पडताना बघितलंय. कोन कसा पडतो ते मला कळतं.’

स्पर्धेचा खर्च एका शेठनी उचललेला. जमिनीचे व्यवहार. पाच गावांत फलक. त्यांचे चिरंजीव एका संघात होते, ते का होते हे विचारायचं नसतं. पहिल्या रात्री चेंडू उंच उडाला. चिरंजीव खाली आले, हात पुढे केले, चेंडू हातात आला आणि पायावर पडला. मास्तर घोषणेच्या सुरात म्हणाले, ‘प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी!’

सगळं शेत हसलं. सोफा हसला नाही.

दोन मिनिटांत कमिटीचा एक पोरगा मंडपात आला. एका हातात चहाचा कप. ‘मास्तर, घसा बसला असंल, जरा चा घ्या.’ मास्तरांनी कप घेतला, आणि पोराने दुसऱ्या हाताने माईक घेतला. इतक्या सभ्यपणे नोकरी गेलेली मी दुसरी पाहिली नाही. मग चॅम्पियन एकटा बोलू लागला. चिरंजीवांनी पुढचा झेल सोडला तो ‘सुंदर प्रयत्न’ झाला, तिसरा सोडला तो ‘प्रकाशझोत डोळ्यांवर आला’ झाला. तासाभराने लोक आपसात भाताच्या भावाबद्दल बोलायला लागले.

दुसऱ्या रात्री मास्तर मैदानाबाहेर भेळवाल्याच्या बाकड्यावर बसले आणि माईकशिवाय सुरू झाले. बघता बघता मंडपासमोरची गर्दी उठून भेळेच्या गाडीभोवती जमली. शेठचे फलक मंडपाला लावलेले. ते बघायला कुणी उरलं नाही. तिसऱ्या दिवशी, फायनलला, शेठनी स्वतःची मोटार पाठवून मास्तरांना बोलावलं. अट एकच. ‘मास्तर, माज्या पोराबद्दल काय बोलायचं नाय.’

‘नाय बोलनार शेठ,’ मास्तर म्हणाले.

आणि त्या रात्री शेवटच्या षटकात चिरंजीवांनी झेल घेतला. साधासुधा नाही. मागे धावत जाऊन, उताणं पडून, एका हाताने. त्या झेलावर सामना फिरला. सगळं शेत उभं राहिलं. फटाके फुटले. आणि लाऊडस्पीकर गप्प! मास्तर माईक हातात धरून समोर बघत बसलेले. शेठ सोफ्यावरून धावत आले. ‘अवो मास्तर, बोला ना! पोरानं कॅच घेतला!’

मास्तर म्हणाले, ‘शेठ, ठरलंय ना आपलं? मी काय बोलायचं नाय.’

शेठनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा पोराकडे. चॅम्पियनने दुसरा माईक ओढून घेतला आणि ‘अप्रतिम, अप्रतिम’ म्हणून घसा कोरडा केला. पण तो तीन दिवस सगळ्यालाच अप्रतिम म्हणत होता. चिरंजीव बक्षीस घ्यायला आले तेव्हा त्यांनी चषकाकडे पाहिलं नाही. मास्तरांपाशी गेले, आणि हळूच म्हणाले, ‘मास्तर, कसा होता?’ त्या पोराचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. बापाने पैसे मोजून त्याची निंदा बंद केली होती, आणि तेवढ्याच पैशात कौतुकही बंद पडलं होतं.

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘तिकीट काडून गेलास आज.’ पोरगा जो हसला!

मंडळाच्या कुणी अधिकाऱ्याने ही फायनल पाहिली असती तर बरं झालं असतं. कारण संजय मांजरेकर आणि रवींद्र जडेजा यांचं प्रकरण मला याच चालीचं वाटतं. २०१९ च्या जुलैत, विश्वचषक चालू असताना, संजय म्हणाला होता, की थोडं हे थोडं ते करणारे तुकड्यातुकड्यांचे खेळाडू मला फारसे पसंत नाहीत आणि एकदिवसीय सामन्यांत जडेजा सध्या तसा आहे. जडेजा जामनगरकडचा रांगडा माणूस. त्याने जाहीर उत्तर दिलं: तुझ्या दुप्पट सामने खेळलोय आणि अजून खेळतोय, तुझ्या तोंडाच्या जुलाबाबद्दल पुष्कळ ऐकून झालं! पुढच्याच आठवड्यात मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना. भारताचे बिनीचे फलंदाज पत्त्यांसारखे पडले. आणि जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा ठोकल्या. भारत १८ धावांनी हरला, पण संजयने उघडपणे सांगितलं, की या माणसाने माझे तुकडे तुकडे केले! टीका करणाऱ्याने दिलेली ती दाद होती, म्हणून ती सगळ्या जगाने ऐकली. त्याच दिवशी इतर समालोचकांनी जडेजाबद्दल काय विशेषणं वापरली, ती तुम्हाला आठवतात? मलाही नाही.

पण मंडळाचा हिशेब वेगळा. २०२० च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ आला तेव्हा संजय समालोचकांत नव्हता. त्याला मंडळाच्या यादीतूनच वगळल्याची बातमी आली. संजयने लिहिलं, की समालोचन हा मी माझा हक्क कधी मानला नाही, मान समजलो. मंडळ नाखूश असेल तर ते मी स्वीकारतो. गंमत पाहा, धर्मशाळेचा तो पहिला सामना एकही चेंडू न पडता पावसात वाहून गेला आणि पुढचे करोनामुळे रद्द झाले. संजयला काढून ज्यांना ठेवलं, त्यांनाही बोलायला काही उरलं नाही! त्या वर्षी त्याने मंडळाला पत्र लिहून नियमांप्रमाणे वागेन असंही कळवलं. आयपीएलला त्याला घेतलं नाही ते नाहीच. मग दुसऱ्या वाहिनीने ऑस्ट्रेलिया दौऱ्याला बोलावलं. एका घरी जेवण बंद झालं तर शेजारी पान मांडतात, एवढी सोय अजून आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये दुबईला भारताने पाकिस्तानला हरवलं. जडेजाने मोलाच्या ३५ धावा केल्या. सामन्यानंतर मुलाखत घ्यायला माईक घेऊन समोर कोण, तर संजय मांजरेकर. पहिला प्रश्न क्रिकेटचा नव्हताच. माझ्याशी बोलायला तुझी काही हरकत नाही ना, असं त्याने विचारलं. जडेजा हसला आणि म्हणाला, अजिबात नाही. तीन वर्षांचं भांडण दोन वाक्यांत संपलं. ज्यांचं भांडण होतं त्यांनी मिटवलं. मधल्यांनी मात्र त्यापायी एकाची नोकरी घालवली होती.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर २०२५ च्या आयपीएलला इरफान पठाणचं नाव समालोचकांच्या यादीत दिसलं नाही. आणि त्याच एप्रिलमध्ये बंगालच्या संघटनेने मंडळाला पत्र लिहिलं, की हर्षा भोगले आणि न्यूझीलंडचा सायमन डूल यांना ईडन गार्डन्सवर पाठवू नका, अशी बातमी आली. का? तर ते तिथल्या खेळपट्टीच्या माळ्याबद्दल काही बोलले होते. खेळाडू रुसत होते, आता मातीही रुसायला लागली.

आमच्या घरी परवा मॅच चालू असताना सौभाग्यवतीने टीव्हीचा आवाज एकदम बंद केला.

‘का गं?’ मी विचारलं, ‘चांगलं बोलतोय की.’

‘तेच तर!’ ती म्हणाली. ‘सगळ्यांनाच चांगलं म्हणतोय. याच्यापेक्षा सासूबाई बऱ्या होत्या. बारा वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवली. तेराव्या वर्षी एकदाच म्हणाल्या, ‘आज जमली हो.’ ते अजून माझ्या कानात आहे.’